बुलीच्या पोटात

जुन्या फोक्सवॅगन कॅम्परमधली तळाची प्लायवूडची फळी उचकटली, की सगळ्यात आधी येतो तो वास. पावसाळाभर बंद राहिलेल्या कोठीच्या खोलीसारखा, ओलसर आणि आंबूस. फळी वरून बरी दिसत असते. उलटी केली की खालची बाजू काळी पडलेली आणि बोटानं दाबली तर पापुद्रे सुटणारी. फळीखाली गाडीचा पत्रा. मूळची ही मालवाहू गाडी, म्हणून पत्र्याला जोर यावा यासाठी त्यात पन्हळी पाडलेल्या असतात. पन्नास-साठ वर्षांत खिडकीच्या रबरातून, सिंकच्या नळीतून, बर्फाच्या पेटीतून जे पाणी झिरपलं, ते याच पन्हळींत साचून राहिलेलं असतं. कारागीर स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरतो आणि मुठीनं पत्रा ठोकत जातो. टणटणीत आवाज आला तर पुढं सरकतो. आवाज बद्द आला की तिथं खडूनं गोल करतो. तासाभरानं सगळी जमीन खडूच्या गोलांनी भरते, आणि सुंदर पडदे, चौकडीच्या गाद्या, मधाच्या रंगाची कपाटं यांची स्वप्नं पाहत गाडी विकत घेतलेल्या माणसाला कळतं, की त्याच्या कामाची सुरुवात वेल्डिंगपासून आहे.

गाडीच्या आतल्या भागाचा जीर्णोद्धार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं सजावट येते. प्रत्यक्षात तो लोहार, सुतार आणि गादी शिवणारा या तीन कारागिरांचा खेळ आहे, आणि तो खालून वर खेळायचा असतो. जे लोक कपाटापासून सुरुवात करतात, त्यांना दोन पावसाळ्यांनी तेच कपाट पुन्हा बाहेर काढावं लागतं.

या गाडीला जर्मनीत लाडानं ‘बुली’ म्हणतात. बेन पॉन या डच गाडीविक्रेत्यानं वुल्फ्सबर्गच्या कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडं नेणारी, बीटलच्या सांगाड्यावर बनवलेली एक साधी गाडी पाहिली होती. त्यावरून सुचून २३ एप्रिल १९४७ रोजी त्यानं वहीच्या पानावर एक पेटी रेखाटली. पुढं चालक, मागं इंजिन आणि मधली सगळी जागा मालासाठी. मार्च १९५० मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं, आणि १९५६ पासून ते हॅनोव्हरच्या नव्या कारखान्यात गेलं. पाववाले, रंगारी, टपालखातं, रुग्णवाहिका अशा सगळ्यांनी ती वापरली. लांबी जेमतेम सव्वाचार मीटर, पण इंजिन मागच्या कोपऱ्यात बसवल्यामुळं मधे एक आख्खी खोली मोकळी. त्या खोलीत घर मांडायची कल्पना कुणाला तरी सुचणारच होती.

ती वेस्टफालियाला सुचली. जर्मनीतल्या वीडनब्रुक गावात १८४४ साली लोहारकामापासून सुरू झालेला हा कारखाना पुढं बग्ग्या आणि ट्रेलर बनवू लागला होता. १९५१ मध्ये त्यांनी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. हा लाकडी सामानाचा एक संच होता. तो गाडीत ठेवला की बैठक, झोपायची जागा आणि स्वयंपाकाचा कोपरा तयार व्हायचा, आणि काढला की गाडी पुन्हा मालवाहू. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशात दोन गाड्या घेणं फार थोड्यांना परवडणार होतं. आठवडाभर धंदा आणि रविवारी सहल, दोन्ही एकाच गाडीत, हे गणित लोकांना पटलं. हळूहळू सामान कायमचं बसवलेली रूपं आली. त्यांना ‘एसओ’ आणि पुढं आकडा अशी नावं असत: एसओ-२३, एसओ-३४, एसओ-४२. ‘एसओ’ म्हणजे ‘झोंडरआउसफ्यूरुंग’, विशेष बांधणी. आज या गाड्यांच्या शौकिनांत ‘तुझी तेवीस की चौतीस?’ असा प्रश्न सहज विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावर प्लायवूडचा रंग, कपाटाची जागा, पडद्याचं कापड असं बरंच काही ठरतं.

ब्रिटनमध्ये हेच काम दुसऱ्या कारागिरांनी केलं. सिडमथच्या जे. पी. व्हाइट यांच्या कारखान्यात ‘डेव्हन’ नावाची रूपं तयार झाली. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीनं ‘डॉर्मोबिल’चं छप्पर गाजवलं. ते एका बाजूच्या बिजागरीवर उघडतं आणि आत पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणलं जातं. म्हणजे एकाच सालची, एकाच रंगाची दोन वाहनं बाहेरून जुळ्या बहिणींसारखी दिसली, तरी आतून त्यांची घरं वेगळ्या सुतारांनी बांधलेली असतात.

मराठी वाचकाला हे सारं परक्या मुलखातलं वाटेल, पण या गाडीच्या एका चुलत भावात बसून इथल्या कित्येक वऱ्हाडांनी प्रवास केला आहे. हॅम्बुर्गच्या व्हिडाल अँड सोन कंपनीनं १९४९ मध्ये ‘टेम्पो मॅटाडोर’ बाजारात आणली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आल्यावर तो पुरवठा थांबला आणि मॅटाडोरला दुसरं इंजिन शोधावं लागलं. याच टेम्पो घराण्याशी करार करून भारतात बजाज टेम्पो उभी राहिली, आणि १९६९ पासून भारतीय मॅटाडोर रस्त्यावर आली. ‘टेम्पो’ आणि ‘मॅटाडोर’ हे आपल्या बोलण्यातले दोन्ही शब्द त्या जर्मन कारखान्यातून आलेले आहेत.

आता कामाकडं. पहिली गोष्ट हत्याराची नव्हे, कॅमेऱ्याची. काहीही सोडवण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, प्रत्येक स्क्रूची पुडी, पुडीवर चिठ्ठी. त्यानंतर गाडीची ओळख पटवायची. बुलीच्या पुढच्या सीटमागं एक लहान पत्र्याची पट्टी असते, शौकीन तिला ‘एम-प्लेट’ म्हणतात. तिच्यावर ठोकलेल्या आकड्यांत गाडी कधी तयार झाली, कोणत्या रंगाची होती, कोणत्या देशात पाठवली आणि कोणत्या खास सोयी मागवल्या होत्या, हे सगळं सांकेतिक भाषेत लिहिलेलं असतं. वुल्फ्सबर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून जुन्या नोंदींच्या आधारे गाडीचा जन्मदाखलाही मिळवता येतो. पुढच्या मालकानं मनानं बसवलेलं कपाट कोणतं आणि कारखान्यातलं कोणतं, हे या दोन पुराव्यांवरून पुष्कळ वेळा उलगडतं.

मग पाण्याचा माग काढायचा. गंज हा परिणाम आहे. कारण वर कुठंतरी असतं. खिडक्यांची रबरं वाळून भेगाळतात. छपराच्या कडेची पन्हाळ खालून कुजते. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती पानांनी आणि धुळीनं बुजली की दार आतून भरतं आणि कडेनं फुगू लागतं. शिवाय माणसाचा श्वास. थंडीच्या रात्री दोन माणसं त्या पेटीत झोपली की सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूनं पाण्याचे ओघळ उतरतात आणि नेमके फळ्यांच्या मागं जाऊन बसतात. पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला, जस्ताचा प्रायमर मारला, पोकळ्यांत मेण फवारलं, तरी वरचं रबर जुनंच ठेवलं तर ही सगळी मेहनत पाण्यात. उष्णता अडवण्यासाठी काय भरायचं, यातही शहाणपण लागतं. काचेचा कापूस स्वस्त पडतो, पण एकदा भिजला की ओल धरून ठेवतो. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही, म्हणून अलीकडचे कारागीर तो पसंत करतात.

छताच्या आतल्या कापडाचं काम पाहण्यासारखं असतं. साध्या फळ्यांऐवजी ताणलेलं अस्तर असलेल्या गाड्यांत ते कापड स्टीलच्या वाकवलेल्या काड्यांवर तोललेलं असतं. प्रत्येक काडीची लांबी आणि बाक वेगळा. काढताना त्यांच्यावर क्रमांकाची चिकटपट्टी लावली नाही, तर परत बसवताना दिवस जातो. कापडाच्या कडा खिडकीच्या रबराखाली दडवायच्या असतात, त्यामुळं काचा बसवण्याआधीच हे काम उरकावं लागतं. दोघं जण लागतात. एक मधून पुढं-मागं ताण देतो, दुसरा कडेला गोंद लावून चिमट्यांची रांग लावत जातो. शक्यतो ऊन असलेला दिवस निवडतात. कापड कोमट झालं की सैल पडतं, नीट ताणलं जातं आणि गार झाल्यावर आपसूक घट्ट बसतं. बोटभर सुरकुती राहिली तरी ती पुढची वीस वर्षं झोपलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर राहते, म्हणून इथं कुणी घाई करत नाही.

यानंतर सुताराची पाळी, आणि सगळ्यात अवघड काम त्याचंच. घरातल्या खोलीला निदान एक काटकोन असतो. बुलीत तोही नाही. भिंती फुगीर, छत घुमटासारखं, जमीन चाकांवर उंचावलेली. कागदावर मापं काढून बनवलेलं कपाट अशा पेटीत कधीच बसत नाही. इथं जुनी फळी उपयोगी पडते. कुजलेली, पापुद्रे सुटलेली, एक कोपरा गळून गेलेली असली तरी तिच्या कडेच्या वळणात गाडीच्या भिंतीचा बाक जसाच्या तसा टिकून असतो. ती नव्या प्लायवर ठेवायची, पेन्सिल फिरवायची, आणि तुटलेल्या भागाची रेष हातानं पुरी करायची. सुतारांच्या भाषेत हा फर्मा. जुन्या फळीत स्क्रूची भोकं असतात, तीही नव्या फळीवर उतरवायची, म्हणजे पत्र्याला नवी भोकं पाडावी लागत नाहीत. पत्र्याला पाडलेलं प्रत्येक नवं भोक म्हणजे गंजाला दिलेलं आवतण.

सुरुवातीच्या वेस्टफालिया गाड्यांत बर्चच्या प्लायवूडचं सामान असे. पुढच्या पिढीत लॅमिनेट आलं, म्हणजे आपल्याकडं सरसकट ज्याला सनमायका म्हणतात तसं. लॅमिनेट पुसायला सोपं, पण कडा एकदा उचलली की दुरुस्तीला हट्टी. बर्चचं उलट आहे. ते खरवडता येतं, डाग काढता येतो, पुन्हा पॉलिश करता येतं. अडचण रंगाची. नवा बर्च प्लाय अगदी फिकट, दुधाळ दिसतो. साठ वर्षं ऊन खाल्लेला शेजारचा तुकडा मधासारखा पिवळसर. दोन्ही एकाच कपाटात आले तर ठिगळ लपत नाही. यावर कारागिरांचा उपाय म्हणजे चपडा, लाखेचं पॉलिश. पिवळट छटेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात मारायचा, सुकला की बारीक पॉलिश पेपर, मग पुन्हा हात. चौथ्या-पाचव्या हाताला नव्या लाकडात जुन्याची ऊब उतरते. ही लाख प्रामुख्यानं झारखंड-छत्तीसगडच्या पट्ट्यातली, पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांची.

गाद्यांमध्येही एक ओळखीची वस्तू सापडते. त्या काळच्या फोक्सवॅगनची सीट उसवली की स्प्रिंगांवर काथ्याचा आणि घोड्याच्या केसांचा, रबरानं बांधलेला थर निघतो. नारळाच्या सोडणाचा तोच काथ्या, ज्याच्या दोऱ्या कोकणात वळतात. तो हवा खेळती ठेवतो आणि दबला तरी परत वर येतो. वयानं मात्र त्याचा भुगा होतो, आणि जुन्या गाडीत बसून उठलं की कपड्यांना तपकिरी पूड लागते ती याचीच. बरेच जण आता नुसता फोम घालतात. तोही नीट निवडावा लागतो. बसायला मऊ फोम बरा वाटतो. पण याच सीटची रात्री गादी होते, आणि मऊ फोमवर झोपलेल्याची कंबर खालच्या फळीला टेकते. म्हणून खाली कडक, वर मऊ असे दोन थर चिकटवतात. जुनं कव्हर उसवताना एक भाग शिवलेला तसाच ठेवतात, म्हणजे टाक्यांची दिशा आणि पायपिंगची जाडी पाहता येते. बाकीचे तुकडे कागदावर उतरवतात. सत्तरच्या दशकातल्या वेस्टफालियाचं चौकडीचं कापड वापरायचं असेल तर आणखी कसोटी, कारण बैठकीची रेष पाठीच्या रेषेला मिळाली पाहिजे. दोन सेंटिमीटर इकडं-तिकडं झालं तर सगळी सीट वाकडी दिसते.

विजेचं आणि गॅसचं काम मात्र जुन्या आठवणींवर सोडू नये. ऑगस्ट १९६६ पर्यंतच्या बुलीत वीज ६ व्होल्टची होती, नंतर १२ व्होल्टची झाली. आतले दिवे, पंखा, फोनचं चार्जिंग यासाठी आता दुसरी बॅटरी बसवतात, आणि ती इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवतात, म्हणजे रात्रभर दिवे जळले तरी सकाळी गाडी सुरू होते. प्रत्येक तारेला फ्यूज हवाच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारं भोक असणं अत्यावश्यक आहे. सुंदर नवी जमीन घालताना हेच भोक कुणीतरी नकळत बुजवतं. जुन्या इंधन-हीटरच्या सांध्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, त्याला कोरडं खरवडू नये.

मूळ तसंच ठेवायचं की सोयीचं करायचं, हा वाद प्रत्येक कार्यशाळेत चालतो. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या, जतन केलेल्या गाड्यांना नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळतं. ‘एच’ म्हणजे ‘हिस्टोरिश’, ऐतिहासिक. त्यासाठी गाडी आपल्या काळाशी प्रामाणिक असावी लागते, त्यामुळं तिथं मालक नवा बदल करताना दहा वेळा विचार करतात. दुसरीकडं, ज्यांना मुलाबाळांसह खरोखर फिरायचं आहे त्यांना बर्फाच्या पेटीऐवजी फ्रिज हवा असतो, आणि ती मागणी रास्त आहे. यातला शहाणा मार्ग बदल परत फिरवता येईल असा करणं. नवा फ्रिज जुन्या पेटीच्याच जागी, जुन्याच भोकांत बसवावा. जुनी पेटी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावी. मूळ कपाट कापून फ्रिज घुसवला तर ते कपाट कायमचं गेलं.

या गाड्यांनी आपला किनाराही पाहिला आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि सत्तरच्या दशकात युरोपातली तरुण मंडळी इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा खुष्कीचा प्रवास करत गोव्याला यायची, त्यांतली कित्येक अशाच व्हॅनमधून. हणजूणच्या किनाऱ्यावर मुक्काम लांबला की पैशांसाठी चीजवस्तू विकायला बसत, आणि त्यातूनच तिथला बुधवारचा बाजार उभा राहिला. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात घुसलेलं सोव्हिएत सैन्य यांनी तो रस्ता बंद केला. अशा परदेशी गाडीला सीमेवर ‘कार्ने’ नावाचा परवाना लागे, आणि त्याच्या अटीनुसार गाडी मुदतीत देशाबाहेर नेणं बंधनकारक असे.

आपल्याकडं कुणाच्या अंगणात जुनी गाडी उभी असेल तर कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. अशा गाड्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं होतं, की कारखान्यानं ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल होईल अशी गाडीची मोडतोड करता येणार नाही. म्हणून छप्पर कापून वर उचलणारं दुसरं बसवणं, मालवाहू गाडीचं घर करणं यांसारख्या गोष्टींना हात घालण्याआधी आरटीओत जाऊन विचारावं. आहे तेच आतलं लाकूड, कापड आणि गादी नव्यानं बनवणं हे त्या मानानं सरळ काम आहे.

बुली असो, मॅटाडोर असो की आजोबांची फियाट, आतली कुजकी फळी आणि फाटकं कव्हर काढलंत तर लगेच भंगारवाल्याच्या हाती देऊ नका. त्यावर गाडीचा नंबर आणि ‘डावी बाजू’, ‘उजवी बाजू’ असं लिहून कोरड्या जागी ठेवा, आणि नवी फळी बसून दार नीट लागतंय याची खात्री होईपर्यंत तिथंच राहू द्या.